भागीरथीच्या नावाचं घंगाळ

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं दिलंत तर मागून अडचणीत याल!

तुमची वस्तू चोरीला गेली. पोलिसांनी चोर पकडला, वस्तू सापडली. तुम्ही कोर्टात अर्ज केलात. न्यायाधीशांनी कागद पाहिले, हुकूम केला, शिक्का बसला – वस्तू तुमच्या हातात आली. आता सांगा, ती वस्तू तुमची झाली का?

खांबाजवळचे आण्णा मान हलवतायत, "झाली की!" कोर्टानं दिली, मग आणखी काय पाहिजे? बायकांकडं बघा – त्या गप्प आहेत. बायकांना माहीत असतं, घरातल्या वस्तूचा मालक कोण हे कागदावर कधीच पुरतं लिहिलेलं नसतं.

तर ऐका. ही गोष्ट पुराणातली नाही. बोरखिंडी गावात मी काल्याच्या कीर्तनाला गेलो होतो, तिथं जिच्या घरी माझी पंगत होती, त्या म्हातारीनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली. तिचं नाव गोदावरी रंगराव नलवडे. गाव तिला गोदाक्का म्हणतं.

ही गोदाक्का रंगरावांची दुसरी बायको. पहिलीचं नाव भागीरथी. एका घरात दोन नद्या, पण दोघींची गाठ कधी पडली नाही. भागीरथी तापानं गेली तेव्हा तिची मुलगी सुभद्रा सात वर्षांची होती. वर्षभरानं गोदाक्का त्या घरात आली.

आता तुम्ही म्हणाल, आली सावत्र आई, झाला छळ सुरू! नाही मंडळी. गोदाक्कानं पोरीला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. वेणी घातली, शाळेत धाडलं, आजारपणात उशाशी बसली. सगळं केलं. फक्त एक केलं नाही. त्या घरात भागीरथीचं नाव घेतलं नाही, कुणाला घेऊ दिलं नाही. पोर "माझी आई..." म्हणून काही बोलायला लागली की गोदाक्का म्हणायची, "जेव आधी." पोरगी हळूहळू बोलायची थांबली.

पण एक भांडं बोलत राहिलं!

न्हाणीत एक तांब्याचं घंगाळ होतं. आताच्या पोरांनी बघितलं नसेल – रुंद तोंडाचं, दोन कड्यांचं, अंघोळीचं पाणी काढायचं भांडं. चांगलं दोन माणसांनी उचलायचं. भागीरथीच्या वडिलांनी लेकीला लग्नात दिलेलं. आणि त्याच्या काठावर, आपल्याकडं घालतात तसं, नाव घातलेलं – सौ. भागीरथी रंगराव नलवडे.

रोज सकाळी गोदाक्का त्यात कढत पाणी ओतायची, गार पाण्याचं विसण घालायची, आणि रोज सकाळी ते नाव तिच्याकडं बघायचं. ती मला म्हणाली, "महाराज, खोटं कशाला सांगू, मी चिंच लावून ते नाव घासायची. भांडं उजळायचं आणि नाव आणखीच लखलखायचं."

हसू नका. तुमच्या-माझ्या घरात असं एक नाव असतंच, जे आपण घासत बसतो.

सुभद्रा अठराची झाली, लग्न ठरलं. पाठवणीच्या वेळी वडिलांनी विचारलं, बाळ, काय पाहिजे? पोरीनं सोनं मागितलं नाही, साडी मागितली नाही. म्हणाली, "आईचं घंगाळ न्यायचं होतं."

रंगरावांनी बायकोकडं बघितलं. आणि गोदाक्का म्हणाली, "घरातलं भांडं घराबाहेर जायचं नाही."

एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. सुभद्रा गाडीत बसली, माळवाडीला सासरी गेली, आणि तेवीस वर्षं त्या घरात पाणी प्यायली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. बाप गेला तेव्हा दहाव्याला आली, नदीवर गेली, पिंडाला हात जोडले आणि तिथूनच परत फिरली. तेवीस वर्षं! एका भांड्यापायी!

भांड्यापायी की नावापायी – ते पुढं बघू.

आता गंमत ऐका. नवरा गेला, मुलगा विलास पुण्याकडं कंपनीत लागला, गोदाक्का एकटी. गावात एक लग्न होतं. भर दुपारी, अक्षता पडायच्या वेळेला, सगळी आळी मांडवात. चोरांना काय, मुहूर्त आपल्यापेक्षा चांगला कळतो! टेम्पो घेऊन आले, चार घरांची कुलपं मोडली, तांब्यापितळेची भांडी भरली आणि वरात निघायच्या आत गावाबाहेर पडले.

गोदाक्का जेवून घरी आली. कडी तुटलेली. कपाट जागेवर, पेटी जागेवर. न्हाणीत गेली – घंगाळाच्या जागी ओला गोल डाग.

आणि तेव्हा, मंडळी, तिला कळलं की आपण ज्याच्यावर तेहतीस वर्षं दात खाल्ले, त्याच्यावाचून आपलं घर घर नाही. विलासची पहिली अंघोळ त्यातली. रंगराव अंथरुणाला खिळले तेव्हा सात महिने त्यातल्याच पाण्यानं त्यांचं अंग पुसलेलं. ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली आणि शेजारणी येईपर्यंत उठली नाही.

फिर्याद झाली. बाराव्या दिवशी तालुक्याच्या गावी एका भंगारवाल्याच्या आवारात माल सापडला. कळशी, हंडे, पराती, आणि ढिगाच्या तळाला घंगाळ! एक कडी तुटलेली, काठाला पोचा आलेला, पण सबंध. पोलिसांनी पंचनामा केला आणि भांडी नेऊन ठाण्यातल्या खोलीत ठेवली. चोरीतली म्हणून जप्त झालेली वस्तू, तिला म्हणतात मुद्देमाल.

गोदाक्का धावत गेली. खिडकीतून दिसलं तिला घंगाळ. म्हणाली, हे माझं, द्या. पोलीस म्हणाले, आजी, तुमचं असेलही, पण देणार कोर्ट. अर्ज करा.

बरोबरच आहे. उद्या कुणीही येऊन म्हणेल, ते माझं!

तिनं वकील लावला. अर्ज गेला. कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मागवलं, आणि पोलिसांनी लिहून दिलं – भांड्यावर नाव भागीरथीचं, अर्जदाराचं नाव गोदावरी. खरेदीची पावती नाही. सबब मालकी सिद्ध होत नाही.

झाली का पंचाईत! जे नाव घासून घासून जाईना, तेच आता कोर्टात आडवं आलं!

वकिलांनी डोकं लढवलं. इथं कुणी वकील बसले असतील तर रागावू नका, माणूस चांगला होता, म्हातारीचं काम व्हावं एवढंच त्याच्या मनात. तो म्हणाला, आक्का, आपल्याकडं बायकांची नावं लग्नात बदलतात. एक प्रतिज्ञापत्र करू. भागीरथी आणि गोदावरी ही एकाच बाईची दोन नावं. माहेरचं एक, सासरचं एक. कोण विचारणार आहे? पहिली तर आता नाही.

बघा मोह कसा येतो! तो शिंगं लावून येत नाही. काळा कोट घालून, पोटतिडकीनं, आपल्या भल्यासाठीच येतो. गोदाक्कानं ऐकलं. कागद टाइप झाला. तिनं सही केली.

त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणाली. का, ते तेव्हा तिला कळलं नव्हतं. ज्या बाईचं नाव तिनं घरात घेऊ दिलं नाही, त्याच बाईचं नाव ती आता स्वतःला लावून घेणार होती.

इकडं काय झालं? चौकशी करणारा हवालदार पक्का होता. भागीरथी कोण हे शोधत तो माळवाडीला पोचला. सुभद्रेचा जबाब घेतला आणि तिला सांगितलं, बाई, तुमचं काही म्हणणं असेल तर तारखेला कोर्टात या.

तारखेचा दिवस उजाडला. बाकावर गोदाक्का, शेजारी वकील, त्याच्या हातात तो कागद. पुकारा झाला. न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांनी फाईल वाचली, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "भागीरथी रंगराव नलवडे कोण?"

वकील कागद घेऊन उठले. आणि तेवढ्यात गोदाक्काची नजर दाराकडं गेली.

दारात सुभद्रा उभी! एक्केचाळीस वर्षांची बाई, हातात पिशवी, पिशवीत कागद. वयानं तिचा चेहरा असा झाला होता, गोदाक्का म्हणाली, की पेटीत घालून ठेवलेला भागीरथीचा फोटोच चौकटीतून उतरून आला.

मंडळी, आता श्वास रोखा. कागद तयार. सही झालेली. एक शब्द बोलायचा नाही, नुसतं गप्प बसायचं, की भांडं घरी. गप्प बसायला काय लागतं? आपण आयुष्यभर दुसरं काय करतो?

गोदाक्कानं हात पुढं केला आणि वकिलांची बाही धरली.

"थांबा," म्हणाली. उठून उभी राहिली. "मॅडम, मी गोदावरी. भागीरथी ही माझ्या मालकांची पहिली बायको. ती वारली, मग मी त्या घरात आले. घंगाळ तिच्या माहेरचं आहे. ही तिची लेक, सुभद्रा. पण भांडं चोरीला गेलं ते माझ्या घरातून गेलं. एवढंच खरं आहे."

वकिलांनी कागद घडी करून खिशात घातला. मला वाटतं, तेही सुटल्यासारखे झाले असतील.

न्यायाधीशबाईंनी सुभद्रेला पुढं बोलावलं. ती म्हणाली, भांडं माझ्या आईचं आहे, माझी हरकत आहे. तेव्हा बाईंनी दोघींना समजावून सांगितलं. आज मला मालक ठरवायचा नाही. चोरीचा खटला संपेपर्यंत वस्तू कुणी सांभाळायची एवढंच ठरवायचं आहे. ज्याच्या ताब्यातून गेली त्याच्याकडं ती परत जाते. मालकीचा वाद असेल तर त्याला दिवाणी कोर्ट आहे. आणि गोदाक्काला म्हणाल्या, खरं सांगितलंत म्हणून काम सोपं झालं.

ऐकलंत? खोट्याची गरजच नव्हती! ज्या दाराला कडीच नव्हती, ते मोडायला ही हातोडा घेऊन निघाली होती.

हुकूम झाला. घंगाळ गोदावरीबाईंना सुपुर्दनाम्यावर द्यावं. सुपुर्दनामा म्हणजे काय? वस्तू घेऊन जा, पण लिहून द्या – विकणार नाही, मोडणार नाही, कुणाला देणार नाही, तिचं रूप बदलणार नाही, आणि कोर्ट बोलावील तेव्हा जशीच्या तशी हजर करीन.

अरे, काय अटी आहेत ह्या! मी तिच्या ओसरीवर बसून ऐकत होतो, माझ्या हातातला घास हातातच राहिला! हा देह आपल्याला कशावर मिळालाय? विकू नको, मोडू नको, बोलावणं आलं की हजर कर. आपण सगळे सुपुर्दनाम्यावरचे! आणि आपण काय करतो? मालक असल्यासारखी मिशी पिळतो!

पण गोष्ट सोडून पळत नाही, थांबा. खरी गोष्ट पुढंच आहे.

सुपुर्दनाम्याला जामीन लागत होता. शेजारचे बळवंत आण्णा येणार होते. त्यांची मोटरसायकल वाटेत बंद पडली. तीन वाजले, चार वाजले. कारकून म्हणाला, आजी, पाचच्या आत जामीन आणा, नाहीतर आता सुट्ट्या लागतायत, पुढं महिनाभर काही होणार नाही. तोवर भांडं ठाण्यातच. मुलाला फोन लावला, तो कंपनीत, उचलेना. गोदाक्का कोर्टाच्या पायरीवर बसली.

आणि सुभद्रा? ती केव्हाच निघायला पाहिजे होती. हरकत नामंजूर झालेली. माळवाडीची गाडी लागून निघून गेली, पण ती फाटकापाशी उभीच. तासभर उभी. मग वळली, म्हातारीच्या समोरून, तिच्याकडं न बघता, सरळ कारकुनाच्या टेबलापाशी गेली. पिशवीतून कागद काढले. सातबारा, आधार कार्ड, सगळं. आणलं होतं कशाला? भांडायला!

म्हणाली, "जामीन मी राहते."

कारकून चक्रावला. अहो बाई, सकाळी तुम्हीच तर हरकत घेतली होती ना? ती म्हणाली, हो, घेतली होती. त्यानं फॉर्म ओढला, नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं,

"अर्जदाराशी नातं काय?"

मंडळी, तेवीस वर्षं! तेवीस वर्षांत जे पंचांनी विचारलं नाही, पाहुण्यारावळ्यांनी विचारलं नाही, ते एका कारकुनानं रकाना भरायचा म्हणून विचारलं!

सुभद्रेनं एकदा पायरीकडं बघितलं. मग म्हणाली,

"मुलगी."

त्यानं लिहिलं. त्याला काय माहीत आपण काय लिहिलं ते!

कागद गोदाक्कापुढं आला. तिला सही कुठं करायची ते दिसेना, डोळे भरलेले. सुभद्रेनं त्या जागेवर बोट ठेवलं, आणि त्या बोटाशेजारी गोदाक्कानं सही केली.

पुढं सुभद्राबाई भेटल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, का केलंत तसं? त्या म्हणाल्या, "महाराज, तिनं चारचौघांत माझ्या आईचं नाव घेतलं. मला भांड्याचं काही नव्हतं. ते नाव कुणीतरी त्या घरातून मोठ्यानं घ्यावं, एवढीच मी वाट बघत होते."

बघा! आपण वस्तू धरून बसतो आणि समोरचा भलतंच मागत असतो.

ठाण्यातून घंगाळ बाहेर आलं. एक कडी तुटलेली, म्हणून दोघींनी काठाला धरून उचललं. रिक्षापाशी आल्यावर गोदाक्का म्हणाली, "घेऊन जा. तुझंच आहे."

सुभद्रा म्हणाली, "कशी नेऊ? कुणाला देणार नाही असं आत्ताच लिहून दिलंस. आणि जामीन मीच आहे."

पेच पडला! देणारी तयार, घेणारी समोर, आणि मध्ये कोर्टाचा हुकूम! गोदाक्का भांडं धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मग भांडं जायचं नाही. तू ये."

आणि ती आली, मंडळी! दिवाळीला आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे गोदाक्कानं पाट मांडला, घंगाळात कढत पाणी ओतलं, विसण घातलं. एक्केचाळीस वर्षांच्या लेकीच्या पाठीला उटणं लावलं. लावता लावता तिनं सगळं सांगून टाकलं. चिंच, ते घासणं, तो खोटा कागद, सगळं. सुभद्रा पाठमोरी बसून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मग गेलं का नाव?"

"कुठलं जातंय! तुझ्या आजोबांनी खोल घालून घेतलंय."

आणि दोघी हसायला लागल्या. न्हाणीतून हसण्याचा आवाज येतोय म्हणून सणाला आलेली विलासची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला काही कळेना!

तीन वर्षांनी खटला संपला. चोराला शिक्षा झाली. कोर्टानं शेवटचा हुकूम केला – भांडी ज्यांना दिली आहेत त्यांच्याकडंच कायम राहावीत. आता जामीन नाही, अट नाही. घंगाळ कायद्यानं गोदाक्काचं.

त्याच आठवड्यात तिनं तुटलेली कडी बसवून घेतली, पोचा काढून घेतला, भांडं चिंचेनं उजळलं आणि विलासला टेम्पो आणायला सांगितलं. घंगाळात खण ठेवला, नारळ ठेवला आणि स्वतः माळवाडीला जाऊन लेकीच्या न्हाणीत नेऊन ठेवलं. सत्तरीच्या वयात!

मी तिला विचारलं, "आक्का, मनाला लागलं का?"

म्हणाली, "लागलं की. अजून सकाळी हात तिकडंच जातो. पण महाराज, आता पंचमीला ती येते, दिवाळीला येते. मधेच दळण टाकून दुपारचीही येते. घंगाळ होतं तेव्हा कोण येत होतं?"

म्हणून मंडळी, सुरुवातीला विचारलं ते पुन्हा विचारतो. कोर्टानं हातात दिली की वस्तू तुमची झाली का? कायद्यानं झाली. कायद्यानं त्याचं काम चोख केलं. चोर पकडला, वस्तू सांभाळली, हातात दिली. पण कोर्टाला बिचाऱ्याला एवढंच ठाऊक की ती कुणाच्या घरातून गेली. ती कुणाच्या काळजातून गेली, हे कोण सांगणार? ते तुम्हीच सांगायचं! उभं राहून, वकिलाची बाही धरून!

आता माझ्याकडं नका बघू, स्वतःकडं बघा. तुमच्या घरात कुणाचं काय अडकून पडलंय? बहिणीचा आईच्या पातळावरचा हक्क असेल. भावाला न दिलेला बापाचा फोटो असेल. किंवा काहीच वस्तू नसेल, नुसता एक शब्द असेल, जो मांडवात बोलायला पाहिजे होता आणि गिळला. ते माणूस किती वर्षं तुमच्या घरी पाणी प्यायलं नाही? मोजा. मी थांबतो.

झालं मोजून? मग आता टाळ वाजतील, नाम घेऊ, आरती होईल. मागं लापशीचा दरवळ सुटलाय, मला कळतंय तुमचं लक्ष कुठं गेलंय ते! पण पानावर बसायच्या आधी देवळाच्या बाहेर जा, खिशातला फोन काढा, आणि त्या एका माणसाला म्हणा, "ये."

एवढंच म्हणा. पुढचं ते माणूस बघेल. लापशी निवली तर निवू द्या – ती पुन्हा गरम करता येते.